चार साग, एकोणीस खेपा

२०१९ च्या ऑगस्टात पाऊस असा लागला की आमच्या घराची मागची भिंत एका रात्रीत बसली. मातीची भिंत, आज्जानं घातलेली, वर खानापुरी कौलं. भिंत गेली तशी तुळई एका अंगाला कलली आणि पन्नास-साठ कौलं न्हाणीत येऊन पडली. कुणाला लागलं नाही. त्या साली आमच्या बेळगाव जिल्ह्यात कितीतरी घरं पडली, नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात होती, तिथं आमच्या एका भिंतीचं काय! पूर्ण पडलेल्या घरांना सरकारनं ५ लाख जाहीर केले. आमचं पूर्ण पडलं नव्हतं. मी त्या रांगेत फार वेळ उभाही राहिलो नाही. मनात म्हटलं, आपल्याकडं लाकूड आहे, कुणापुढं हात कशाला पसरायचा?

लाकूड म्हणजे बांधावरचे चार साग. अप्पांनी १९८४ च्या पावसाळ्यात लावलेले, आक्का जन्मली त्या साली. हिच्या लग्नाला उपयोगी पडतील म्हणून. आक्काचं लग्न झालं, तिची पोरगी पीयूसीला, म्हणजे अकरावीला गेली, साग आपले तिथंच.

सुतारमामांना बोलावलं. त्यांनी दोरीनं घेर घेतला. त्यांचा हिशोब साधा: घेराचा चौथा भाग काढायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं गुणायचं. सगळ्यात मोठ्या झाडाचा घेर साडेचार फूट, कामाची लांबी १५ फूट. म्हणजे १९ घनफूट. "तुळया, वासे, चौकटी, सगळं निघतंय बघ ह्यातनं, वर दोन पाटसुद्धा होतील," मामा म्हणाले. मी विचारलं, मग सोमवारी कापूया? त्यांनी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली.

"पास आण, मग बघू. पास नसताना करवत लावली तर माझीच करवत जायची."

तोवर मला वाटत होतं की परवानगी जंगलातल्या झाडाला लागते. हा साग माझ्या शेतात, माझ्या बापानं लावलेला, उन्हाळ्यात आईनं घागरीनं पाणी घालून जगवलेला. सरकारनं ह्याला एक तांब्यासुद्धा घातलेला नाही. पण १९७६ चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा म्हणतो की झाड तुमचं असलं तरी ते पाडायचं की नाही, हे वृक्ष अधिकारी ठरवणार. पाडल्यावर लाकूड घरापर्यंत न्यायचं तर वाहतुकीचा पास वेगळा.

११ नोव्हेंबर २०१९ ला अर्ज दिला. तारीख पक्की आठवते, कारण त्या दिवसापासून मी एक वही घातली. कुठं गेलो, काय मागितलं, बसला किती, झेरॉक्सला किती, रोजगार किती बुडाला. कुठली कचेरी आणि कुठले साहेब ते लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती. त्या खुर्चीत मी बसलो असतो तरी वेगळं काही केलं असतं असं वाटत नाही, कारण परवानगी दिली आणि पुढं काही निघालं तर साहेब अडकतो. नाही दिली तर त्याला कोण काय विचारणार?

पहिल्या खेपेत उतारा मागितला. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून काढून दिला. त्यात झाडांचा रकाना असतो, तो रिकामा. म्हणजे कागदावर माझ्या शेतात झाडच नाही. आता जे झाड नाहीच ते पाडायला परवानगी कशी द्यायची? तलाठ्याकडं गेलो. तो म्हणाला, नोंद घालायची तर पाहणी करायला लागेल. पाहणीला दोन महिने गेले. उताऱ्यावर आज्जाचं नाव अजून होतं, वारसा लावायचा राहिला होता. ही चूक आमचीच. काका, दोन आत्या, सगळ्यांच्या सह्या झाल्या. धाकट्या आत्यानं सही करताना विचारलं, "जमीन विकूलालास काय रे?" झाडासाठी सही लागते हे तिला पटेना. मलाही कुठं पटलं होतं?

मग मोजणी. आमच्या शेताला जंगलाची हद्द लागत नाही; मध्ये एक ओढा आणि दुसऱ्याचं शेत आहे. पण ही झाडं जंगलात नाहीत असा कागद पाहिजे, आणि त्यासाठी सर्व्हेअर आणि फॉरेस्टवाले दोघं एकाच दिवशी बांधावर उभे राहायला पाहिजेत. एकाला वेळ असेल तेव्हा दुसऱ्याची मीटिंग. वहीत ह्या एका कामाच्या सहा खेपा आहेत. सहाव्या खेपेला दोघं आले. साखळी टाकली तर चौथा साग बरोबर हद्दीवर निघाला. म्हणजे शेजाऱ्याची संमती पाहिजे. शेजारी गोव्यात कामाला. त्याला फोन केला, तो म्हणाला, "साग तुझाच आहे की, मला कशाला विचारतोयस?" पण तोंडाचं चालत नाही, स्टॅम्प पेपर पाहिजे. तो पुढच्या आठवड्यात यायचा होता. त्या आठवड्यात लॉकडाऊन लागलं आणि चोर्ला घाट बंद झाला.

सगळे अर्ज, नोटिसा, शेरे कन्नडमध्ये. मी मराठी शाळेत शिकलेला. कन्नड बोलतो, बाजारात अडत नाही, पण सरकारी कन्नड वाचताना घाम फुटतो. भाचीनं वाचून दाखवलं. तीसुद्धा दोन-तीन शब्दांवर अडली आणि म्हणाली, "मामा, हे आमच्या कन्नडच्या सरांनापण येणार नाही." तेव्हा उगाच भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, चंदगडच्या पाहुण्यांकडं मराठीत कारभार चालतो. त्यांनी १९६४ चा झाडतोडीचा कायदा दाखवला. झाडांची यादी, अर्ज, पाहणी, परवानगी. तेच दुखणं, फक्त आपल्या भाषेत.

ह्यावरून एक गोष्ट मनात आली. गावात बोललो तर लोक चिडतात, इथं लिहितो. कुठलं राज्य पाहिजे ह्यावर आमच्याकडं १९५६ पासून भांडण चालू आहे. दर १ नोव्हेंबरला काळा दिवस होतो, महाराष्ट्र २००४ साली सुप्रीम कोर्टात गेला. मीही काळी फीत बांधून सायकल फेरीत गेलोय, त्याची लाज नाही. पण राज्य, म्हणजे सरकार, किती पाहिजे, आपल्या बांधापर्यंत, आपल्या करवतीपर्यंत यायला पाहिजे का, ह्यासाठी आमच्या भागात निघालेलं मोठं आंदोलन मला एकच आठवतं, आणि ते निपाणीचं.

१९८१. मी तेव्हा पाळण्यातसुद्धा नव्हतो. अप्पांचं मामाघर निपाणीकडचं, तंबाखूवालं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूच्या भावासाठी पुणे-बेंगळूर रस्ता अडवला, हजारो शेतकरी बायकापोरांसकट रस्त्यावर राहिले. अप्पा तिथं आठ दिवस होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. अप्पांचा लाल बिल्ला अजून आईच्या ट्रंकेत आहे. "भीक नको, हवे घामाचे दाम" हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी ऐकलं असेन. जोशींचं म्हणणं असं होतं की सरकार एका हातानं शेतमालाचा भाव पाडतं, बाजार अडवतं, आणि दुसऱ्या हातानं सूट-सबसिडी देऊन उपकार केल्यासारखं दाखवतं. लहानपणी मला हे भाषण वाटायचं. पण एक सरकारी हात घरं बांधायला पैसे वाटतोय आणि दुसरा हात माझ्याच लाकडावर ठेवलाय, हे बघितल्यावर भाषणाचा अर्थ लागला.

लॉकडाऊनमध्ये एक लाकडाचा व्यापारी घरी आला. त्याला अर्जाचं कुठून कळलं, देव जाणे. उभ्या झाडाला ९ हजार देतो म्हणाला, झाडामागं. परवानगी, पास, तोडणी, गाडी सगळं त्याचं. मी मोठ्या झाडाचा हिशोब केला होता: १९ घनफूट, गोल लाकडाला तेव्हा १६०० चा भाव सांगत होते, म्हणजे ३० हजारांच्या वर. मी म्हटलं, मधले २१ हजार कुणाचे? तो हसला नाही की रागावला नाही. त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. तोडणारी माणसं, ट्रॅक्टर, गिरणीपर्यंतची गाडी. वर्ष-दीड वर्ष पैसे अडकून पडतात त्याचं व्याज. मध्येच कागद फेटाळला तर बुडीत. आणि "वाटेतलं चहापाणी". ते किती, हे त्यानं सांगितलं नाही.

मी त्या माणसाला चोर समजत होतो. तो गेल्यावर लक्षात आलं की तो लाकडाचा व्यापार करतच नाही. त्याचा धंदा परवानगीचा. कुठल्या टेबलावर कुठला कागद कधी जातो हे ज्ञान तो विकतो, आणि त्याची किंमत माझ्या झाडातून कापली जाते. परवानगीची गरज नसती तर असे दहा व्यापारी माझ्या बांधावर आले असते, एकमेकांवर चढ बोलले असते, नाहीतर मी सरळ गिरणीत गेलो असतो. गिरण्यांचंही तेच. १९९६ साली सुप्रीम कोर्टाच्या जंगलाबद्दलच्या आदेशानंतर बिनपरवान्याच्या सॉ मिल बंद झाल्या. त्यानंतर ज्याच्याकडं परवाना, त्याच्याकडं रांग. नियम झाडासाठी केला, फळं परवानेवाल्यानं खाल्ली.

पेरू देशात हर्नांडो द सोटो नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९८३ च्या सुमाराला एक प्रयोग केला होता. लिमा शहराच्या कडेला कपडे शिवायचा एक छोटा कारखाना रीतसर नोंदवायचा, लाच शक्यतो न देता, आणि दिवस मोजायचे. २८९ दिवस लागले. माझी वही ४७७ दिवस दाखवते. त्यातून लॉकडाऊनचे तीन महिने वजा केले तरी पावणेचारशेच्या वर जातात. तुलना सरळ नाही, मान्य. ते लोक रोज तासन्‌तास त्याच कामावर होते आणि मी एकोणीस खेपा घातल्या. पण त्यांनी निदान एक कारखाना उभा केला. मला फक्त माझी भिंत पुन्हा उभी करायची होती.

आता ज्यामुळं हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. खेपा घालताना एक दिवस कचेरीच्या बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारा. मला म्हणाला, "साग कशाला लावायचा? सिल्व्हर ओक लाव. विचारायला नको कुणाला." मला वाटलं गंमत करतोय. पण खरंच कायद्यातच सूट दिलेल्या झाडांची यादी आहे: निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, नारळ, रबर वगैरे. ह्यांना परवानगी लागत नाही. यादी वाचली आणि मग येता-जाता बसच्या खिडकीतून बांध बघायला लागलो. नव्यानं लावलेलं जे दिसतं ते बहुतेक ह्याच यादीतलं. अप्पांच्या वयाच्या माणसांनी लावलेले साग, शिसवी, मत्ती, नाणा कुठं कुठं उभे आहेत. माझ्या वयाच्या माणसानं लावलेली शिसवी मला एकही दिसली नाही. कोण लावेल? चाळीस-पन्नास वर्षं वाढवायचं आणि शेवटी दुसऱ्यानं हो म्हटलं तरच ते आपलं. त्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांत हातात येणारं, ज्याच्यासाठी कुणाची दारं ठोठावायला नकोत, असं झाड माणूस लावणारच. म्हणजे ज्या कायद्यानं देशी झाडं वाचवायची होती, त्यानंच बांधावरून ती हद्दपार केली. वाचली ती फक्त आधी लावलेली. आणि निलगिरीचं पुढं काय झालं? आधी सरकारनंच सामाजिक वनीकरणात तिची रोपं वाटली, तोडायला सूट दिली, आणि २०१७ साली ती पाणी पिते म्हणून नव्यानं लावायला बंदी घातली.

आज्जा शाळेत गेला नव्हता, पण हे त्याला आमच्या आधी कळलं होतं. आमच्या कुंपणात पाखरांनी टाकलेल्या बियांतून चंदनाची रोपं यायची. आज्जा दिसलं की उपटायचा. मी लहानपणी विचारलं, वास येतो ना त्याला, ठेव की. तो म्हणाला, "मोठं झालं तर सरकारचं. चोरीला गेलं तर आमचं." म्हणजे जबाबदारी आमची. चोर रात्री कापून नेणार आणि सकाळी चौकशीला आम्ही. म्हैसूरकडं टिपू सुलतानाच्या काळापासून चंदन राजाचं झाड. पुढं कर्नाटकात खासगी जमिनीतलं चंदनसुद्धा सरकारी मालकीचं धरलं जाई, थेट २००१ पर्यंत. ज्या राज्यानं चंदनाच्या साबणावर आणि अत्तरावर नाव कमावलं त्या राज्यात शेतकरी चंदनाचं रोप विषारी गवतासारखं उपटत होता, आणि चंदनाच्या धंद्यात मोठं झालेलं नाव होतं वीरप्पनचं. २००४ साली तो मारला गेला. मालकाला बंदी घातली की माल संपत नाही, दुसऱ्याच्या हातात जातो.

बांबूचंही असंच. केंद्राच्या १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडात धरला होता, तो २०१७ साली बाहेर काढला. नव्वद वर्षं एका गवताला झाड म्हणून वागवलं. तेवढ्या काळात बुरुडांच्या किती पिढ्या सुपं-टोपल्या सोडून दुसऱ्या कामाला लागल्या, ते कोण मोजणार?

माझा एक मित्र बेळगावात शिकवतो, रविवारी भीमगडकडं पक्षी बघायला जातो. तो म्हणतो, तुझं ऐकलं तर सह्याद्री चार वर्षांत बोडका होईल. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. उतारावरची खासगी झाडी ठेकेदारानं एका उन्हाळ्यात साफ केलेली मीही बघितली आहे, आणि पुढच्या पावसात खालच्या शेतात आलेला गाळही. उतारावरचं रान आणि सपाट शेताच्या बांधावर माणसानं लावलेलं झाड ह्यांना एकच नियम कशाला, एवढंच माझं म्हणणं. त्याला तेही पूर्ण पटत नाही. बांध कुठं संपतो आणि रान कुठं सुरू होतं हे ठरवायला परत कुणीतरी साखळी घेऊन येणारच, असं तो म्हणतो. ह्याला माझ्याकडं अजून चांगलं उत्तर नाही.

२ मार्च २०२१ ला परवानगी मिळाली, तीन झाडांची. हद्दीवरचा चौथा वगळला, कारण शेजाऱ्याचा स्टॅम्प पेपर आला त्यावर साक्षीदाराची एक सही कमी होती. त्या एका सहीसाठी परत खेपा घालायचं माझ्यात बळ नव्हतं. गार्ड आला, बुंध्याची साल तासून आकडा घातला, हातोड्याचा ठसा मारला. गार्ड चांगला माणूस होता, आईनं दिलेला चहा घेतला आणि सागाच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाला, "छान वाढवलाय." तोडणी दोन दिवसांत झाली. पासावर गाडीचा नंबर, निघायची वेळ, पोचायची वेळ. गाडी पंक्चर झाली तर काय, असं विचारलं, तर साहेब म्हणाले, होऊ देऊ नका. चंदगडात पाहुण्यांच्या ओळखीची गिरणी स्वस्त पडली असती, पण राज्य बदललं की पासाचा घोळ आणखी वाढतो, म्हणून तो नाद सोडला. २०२३ च्या डिसेंबरात केंद्रानं देशभरासाठी लाकूड वाहतुकीचा एकच पास सुरू केला. कुणाला सोपा झाला असेल तर चांगलंच आहे. मला परत तो काढायची वेळ आलेली नाही.

एवढ्यात दोन पावसाळे गेले होते. मागच्या बाजूला ताडपत्री बांधून काढले. दुसऱ्या पावसात तुळईला वाळवी लागली, तेव्हा एका खोलीचं काम वाढलं. सगळा खर्च वहीत मांडला: रीतसर भरलेली फी सगळ्यात कमी. बस, झेरॉक्स, स्टॅम्प पेपर त्याच्या कितीतरी वर. आणि बुडालेले दिवस त्याहून वर. सुतारमामांनी बेरीज बघितली आणि म्हणाले, "एवढ्यात लोखंडी पाइप घालून पत्रा टाकून दिला असतास." शेजारच्या दोन घरांनी तेच केलं. त्यांच्याकडं उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नाही, पण त्यांचं घर २०१९ च्या दिवाळीला उभं होतं.

परवानगीत एक अट होती, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात झाडं लावायची. कुठली ते लिहिलं नव्हतं. मी रोपवाटिकेत गेलो. सागाचे स्टंप, म्हणजे लावायचे खुंट होते, शिसवीची रोपंही होती, हातात घेऊन बघितली. सिल्व्हर ओकची सहा आणली. पाहणीला आलेल्यानं मोजली, फोटो काढला, झालं.

गेल्या जूनमध्ये कुंपणाशी, शेवग्याच्या बुडाला, वीतभर चंदन दिसलं. पानावरून ओळखलं. कायद्यानं ते आता माझं आहे, २००१ पासून. विकायचं मात्र सरकारी संस्थांनाच असा नियम होता, तोही अलीकडं ढिला केलाय म्हणतात. ह्या वेळी ठेवायचं ठरवलं. भोवती चार काटक्या रोवल्या आणि बेळगावला गेलो. संध्याकाळी आलो तर काटक्या चुलीपाशी आणि रोप शेणकीत. आईनं उपटलं होतं. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "तू नव्हतास. म्हटलं कुणी बघायच्या आत काढून टाकावं."